मदत हवी आहे: मेनेलाओसच्या ठाण्याआधी तिथे काय होतं?

ग्रीसमध्ये स्पार्टाजवळ थेराप्नीच्या टेकडीवर मेनेलाओस-हेलनचं (ट्रॉयच्या युद्धाच्या कथेतले स्पार्टाचे राजा-राणी) ठाणं, म्हणजे पूजास्थान, आहे. पूजा इ.स.पू. 8व्या शतकाच्या अखेरीपासूनची. शेजारचा मायसीनी (ग्रीसमधल्या कांस्ययुगीन संस्कृतीचा) वाडा मात्र इ.स.पू. 15व्या शतकातला. हेलनला वाहिलेली ब्राँझची तेलकुपी सापडली आहे, वाहणाऱ्या दिनिसचं नाव कोरलेली, म्हणजे ठाणं कोणाचं याबद्दल वाद नाही. लिनिअर बी (मायसीनी काळातली ग्रीक लिपी) पाट्याही पाहिल्या. त्यांत 'आ-कि-रे-उ', म्हणजे बहुधा अकिलीस (त्याच युद्धकथेतला वीर), हे नाव येतं, पण साध्या माणसाचं! वीर खरा होता, हे त्यातून ठरत नाही. ग्रीक प्रवासी लेखक पॉसानिअस मेनेलाओस-हेलनला थेराप्नीत पुरल्याचं सांगतो, पण तो इ.स. 2ऱ्या शतकातला.

ही कथा सांगणाऱ्या कवी होमरचे दाखले नकोत, उत्खननातलंच हवं. वाडा जळाल्यापासून ठाणं उभं राहीपर्यंतच्या काळातली नैवेद्याची भांडी, राख किंवा हाडं तिथे मिळाली आहेत का? की जुने पडके अवशेष पाहून पूजा नव्यानेच सुरू झाली?