‘एन’ प्रथिन म्हणजे नुसतं फडकं?

जेलवाली: सकाळी एकाने इथे लिहिलंय, "पीईडीव्हीत (डुकरांच्या पिल्लांना हगवण लावणारा कोरोनाविषाणू) सगळं काम स्पाइकचं, म्हणजे बाहेरच्या काट्यांच्या प्रथिनाचं. एन म्हणजे आरएनए गुंडाळायचं फडकं." डोकं फिरलं वाचून. सुमारे 28 हजार बेसचा आरएनए गुंडाळणं हेच आधी खायचं काम नाही. वर हे ‘फडकं’ पेशीतल्या टीबीके-1 या इशारा पुढे धाडणाऱ्या प्रथिनाला चिकटतं, त्याच्या पुढचं आयआरएफ-3 सरकतच नाही, आणि पेशीला इंटरफेरॉन-बीटाची, म्हणजे ‘विषाणू आला’ अशी, बोंब मारता येत नाही. न्यूक्लिओलसमध्ये (पेशीकेंद्रातल्या गोळ्यात) जाऊन बसतं ते वेगळंच.

काटेरी: तो एक मीच. टीजीईव्हीच्या (डुकरांचाच दुसरा कोरोनाविषाणू) स्पाइकचा पुढचा तुकडा गळाला आणि आतड्यातला विषाणू श्वसनमार्गात गेला, 1984, बेल्जियम. एनने असं काय केलंय सांगा. तुमचं टीबीके-1 चं प्रकरण पेशीत प्लाझ्मिड (जनुक घातलेलं डीएनएचं कडं) कोंबून दाखवलेलं. इतकं कोंबलं की काहीही कशालाही चिकटतं.

ब्लॉटग्रस्त: चिकटण्यावरून आठवलं. एनचं पुलडाउन करून (अँटिबॉडीने ओढून काढून) तीन महिने ब्लॉटवर सुंदर बँड, म्हणजे प्रथिनाचा पट्टा, बघत होतो. मग एकदा नुसती अँटिबॉडी घातलेली लेन चालवली. तिथेही तोच बँड! एन 55 किलोडाल्टनच्या आसपास, अँटिबॉडीची जड साखळी 50 ला. मी साखळीच्या प्रेमात पडलो होतो.

जेलवाली: ती लेन पहिल्याच दिवशी चालवायची असते, दादा.

ब्लॉटग्रस्त: गाइडने "अँटिबॉडी महाग आहे, वाया घालवू नकोस" सांगितलेलं. तुमच्याकडे पैशांचं झाड असेल.

काटेरी: बघा! म्हणजे एनची निम्मी कीर्ती जड साखळीची.

जेलवाली: एकाच्या चुकीवरून सगळ्यांना झोडपू नका. हलकी साखळी ओळखणारी सेकंडरी (बँड दाखवणारी दुसरी अँटिबॉडी) वापरतो आम्ही, जड साखळी दिसतच नाही. आणि ट्रान्सफेक्शन (ते प्लाझ्मिड कोंबणं) नको तर एन काढून विषाणू वाढवून दाखवा. वाढणारच नाही, ही खरी अडचण आहे.

जुना ढोरडॉक्टर: भांडा. आठवड्याच्या आतली पिल्लं हगवणीने सुकून मरताना मी पाहिलीत. त्यांना वाचवतं मादीचं दूध, त्यातल्या स्पाइकविरुद्धच्या अँटिबॉडी. एनविरुद्धच्या भरपूर बनतात, पण विषाणूला पेशीत शिरताना अडवत नाहीत.

जेलवाली: लशीचं मान्य, डॉक्टरसाहेब. पण बाहेरून अडवता येत नाही म्हणजे आत रिकामं बसलंय, असं होत नाही.

काटेरी: बरं बाई, फडकं नाही. गोधडी म्हणतो. खूश?

ब्लॉटग्रस्त: ती हलक्या साखळीवाली सेकंडरी सशाची की बकरीची?