मदत हवी आहे: लिबरऑफिसच्या कोडमध्ये लाख-कोटीचा स्वल्पविराम नक्की कुठल्या फोल्डरात राहतो?

कांदेनवमी:
नमस्कार मंडळी. मी नाशिकची, सिडकोत राहते. पिंपळगावला एका कांदा व्यापाऱ्याच्या गाळ्यावर हिशेब बघते. बीसीए झालंय, पण सी प्लस प्लसला कॉलेजनंतर आत्ताच हात लावलाय, तेव्हा सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात गाळ्यावरच्या दोन कॉम्प्युटरवर कॅल्कची, म्हणजे लिबरऑफिस या मोफत ऑफिस-संचातल्या हिशेबाच्या तक्त्यांच्या प्रोग्रामची, एकच फाइल उघडली. एकावर १२,३४,५६७ आणि दुसऱ्यावर १,२३४,५६७. शेठनी दुसऱ्या पडद्याकडे बघून विचारलं, "हे बारा लाख का एक कोटी?" दुसऱ्यावर लोकेल (देश-भाषेचं सेटिंग) अमेरिकेचं होतं. ते भारताचं केलं आणि विषय मिटला. माझा मात्र मिटला नाही. भारत म्हटल्यावर आधी तीन आणि मग दोन-दोन आकडे तोडायचे, हे कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवलं असणार ना?

म्हणून सगळा कोड उतरवून घेतला. वरच्या पातळीलाच शंभराहून जास्त फोल्डर! (त्यांची नावं इथे देवनागरीत लिहितेय, वाचताना रोमनमध्ये पालटून घ्या.) 'एससी' म्हणजे कॅल्क, हे कळायलाच अर्धी संध्याकाळ गेली. त्याच्या 'सोर्स'मध्ये 'कोअर', 'फिल्टर', 'यूआय' असे कप्पे आहेत. दोन रात्री तिथे घालवल्या, हाती काही नाही. मग 'आय१८एनपूल'मध्ये लोकेलच्या फाइल दिसल्या, त्यात मराठीचीही आहे. महिने, वार, दशांशाचं चिन्ह, हजाराचं चिन्ह, सगळं आहे. पण तीन-दोन-दोनचा नियम मला तरी दिसला नाही.

चुकीच्या गल्लीत शिरलेय का? आणि या फोल्डरांचा नकाशा कुठे मिळेल?

जुनं_नाशिक:
नावांवर जाऊ नका. दहीपुलावर दही शोधायला जातो का आपण? तसंच आहे हे. स्टार डिव्हिजन नावाच्या जर्मन कंपनीचं स्टारऑफिस होतं. ते १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने विकत घेतलं, २००० मध्ये कोड खुला केला, त्याचं ओपनऑफिस झालं आणि २०१० मध्ये त्यातून लिबरऑफिस वेगळं निघालं. मालक बदलले, पाट्या तशाच राहिल्या. 'एसडब्ल्यू' म्हणजे स्टाररायटर, 'एससी' म्हणजे स्टारकॅल्क, 'एसडी' म्हणजे स्टारड्रॉ, आणि स्लाइड बनवायचा इम्प्रेसही त्या 'एसडी'तच बिऱ्हाड करून आहे. कोडमधल्या जर्मन टिपांचं इंग्रजी करायचं काम तर वर्षानुवर्षं चाललं होतं. जर्मन टिपा शोधायची एक स्क्रिप्ट 'बिन' फोल्डरात मुद्दाम ठेवलेली आहे, बघा.

नकाशा म्हणाल तर वरच्या पातळीच्या बहुतेक फोल्डरांत रीडमी, म्हणजे ओळख करून देणारी फाइल असते. काही एका ओळीच्या आहेत, काही चांगल्या. आधी ती वाचायची, मग आत शिरायचं.

सातपूर_रात्रपाळी:
तुमची गल्ली बरोबर होती, मजला चुकला.

असा विचार करा. आकडे तोडून दाखवायचं काम एकट्या कॅल्कचं आहे का? मजकूर लिहायच्या रायटरच्या तक्त्यातही आकडे असतात, डेटाबेसच्या बेसमध्येही असतात. मग ते 'एससी'त ठेवून कसं चालेल? जे सगळ्यांना लागतं ते खालच्या थरात जातं. आकड्याचं फॉरमॅटिंग 'एसव्हीएल'मध्ये आहे, त्यातल्या 'सोर्स'च्या 'नंबर्स'मध्ये. ते लोकेलची माहिती मागतं 'युनोटूल्स'कडे. 'युनोटूल्स' ती घेतं 'आय१८एनपूल'मधून. तुम्ही सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा मजला पाहिलात, मधले दोन राहिले.

आता गंमत. 'युनोटूल्स', 'सोर्स', 'आय१८एन' असं जा आणि लोकेल-डेटा-रॅपर नावाची फाइल उघडा. 'डिजिट ग्रुपिंग' शोधा. मी पाहिलं तेव्हा नियम थेट कोडमध्येच लिहिलेला होता: देश भारत किंवा भूतान असेल तर तीन, मग दोन-दोन, नाहीतर तीन-तीन. वर टीप, की ही सोपी केलेली सोय आहे, खरं तर हे लोकेलच्या माहितीतून यायला हवं. म्हणजे तुम्ही जिथे शोधत होतात तिथेच ते असायला हवं, असं लिहिणाऱ्यालाही वाटत होतं.

आणि फोल्डर उघडून वाचत बसू नका हो. 'गिट ग्रेप' (सगळ्या कोडमध्ये शब्द शोधणारी कमांड) वापरा, दोन रात्रींचं काम दोन मिनिटांत. हेडर फाइल फोल्डरात नाही सापडली तर वरच्या 'इन्क्लूड'मध्ये बघा, दुसऱ्या मॉड्यूलना (म्हणजे 'एससी', 'एसव्हीएल' अशा फोल्डरांना) लागणारी हेडर तिथे असतात.

द्राक्षबाग:
सेटिंग बदललं ना? मग एवढा उपद्व्याप कशाला ताई? 😄

कांदेनवमी:
@द्राक्षबाग, लिलाव संपल्यावर संध्याकाळी करायला काहीतरी हवं ना दादा.

@सातपूर_रात्रपाळी, सापडलं!! भूतानसकट. रात्री साडेअकराला एकटीच हसत होते. पण मग बांगलादेश, नेपाळचं काय? तिथेही लाख-कोटीच मोजतात ना? हात घालू का यात? बिल्ड करायची, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम बनवायची, मात्र धास्ती वाटते. लॅपटॉप जुना आहे आणि आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही.

सातपूर_रात्रपाळी:
पहिली बिल्ड काही तास खाईल, रात्री लावून झोपा. नंतर एका मॉड्यूलपुरतं 'मेक युनोटूल्स' केलं तरी भागतं. त्या देशांचं लोकेल लावून आधी काय दिसतं ते बघा, मग बगझिलात (चुकांच्या नोंदींची साइट) जुनी नोंद आहे का शोधा. पॅच, म्हणजे कोडमधला आपला बदल, गेरिट या तपासणीच्या साइटवर टाकायचा असतो, आणि माझा कोड प्रकल्पाच्या परवान्याखाली देतेय असं एक पत्र मेलिंग लिस्टवर पाठवायचं असतं. नुसता मराठी शब्द चुकला असेल तर कोडला हात लावू नका, ती भाषांतरं वेबलेट या भाषांतराच्या साइटवर होतात.

कांदेनवमी:
आज दोन्ही लोकेल लावून बघते. स्क्रीनशॉट रात्री इथेच टाकते.