परदेशातून वापरलेली टूरिंग सायकल मागवावी का? खर्च आणि धोक्यांबाबत मदत हवी आहे

पायडलवाली:

नमस्कार मंडळी,

माझी उंची १५२ सेंटिमीटर. सुरुवात उंचीपासूनच करते, कारण घोडं तिथेच अडलंय. लांबच्या प्रवासासाठी स्टीलची टूरिंग सायकल हवी आहे. पण माझ्या मापाच्या बहुतेक सायकलींना ७००सी चाकं असतात आणि एवढ्या छोट्या फ्रेमवर ती बसवली की वळताना चवडा पुढच्या टायरला लागतो. सामान लादलेलं असताना तर हे मला अजिबात नको. म्हणून २६ इंची चाकांची फ्रेम शोधतेय, म्हणजे रिमचा व्यास ६२२ ऐवजी ५५९ मिलिमीटर. अशा टूरिंग सायकली आता नव्याने फारशा निघत नाहीत.

शोधता शोधता परदेशातल्या एका गृहस्थांकडे हवी तशी सायकल सापडली. वापरलेली आहे, पण ते पहिलेच मालक. फ्रेम आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) दोन्ही स्टीलचे, रिमवर दाबणारे रिम ब्रेक, मागच्या चाकाचा हब (मधला तुंबा) १३५ मिमी रुंद. किंमत मला मान्य आहे. खोक्यात भरून पाठवायला ते तयार आहेत, मात्र सायकल पाठवायचा त्यांना अनुभव नाही.

घरी येईपर्यंत ही सायकल खरी कितीला पडेल, याचा अंदाज कसा बांधायचा? अख्खी मागवू की नुसती फ्रेम-फोर्क मागवून बाकीचं इथे जोडून घेऊ? ते म्हणतात, "मी वर भेटवस्तू असं लिहितो, म्हणजे कर लागणार नाही." हे चालतं का? आणि वाटेत मोडतोड झाली तर भरपाई कोण देतं?

"फसशील, नको त्या फंदात पडूस" हा सल्ला घरातून मिळालेला आहे, तो सोडून बोला.

नटबोल्ट:

भाड्यापासून सुरू करा, लोक तिथेच चकतात. सायकल १४ किलोची असली म्हणून भाडं १४ किलोचं लागत नाही. एक्स्प्रेस कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जास्त असेल ते धरतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारणपणे ५००० ने भागायचं. १४०×८०×२५ चं खोकं घेतलं तर उत्तर येतं ५६ किलो. चौपट! आणि त्यात निम्म्याहून जास्त हवाच असते. नुसती छोटी फ्रेम आणि फोर्क ९५×६५×२० मध्ये बसवता आले, तर तोच हिशेब २५ किलोच्या आत येतो.

टपालाने अख्खी सायकल पाठवणं अवघडच. बऱ्याच देशांत लांबी अधिक घेर मिळून ३ मीटरची मर्यादा असते. मोठ्या खोक्याचे साडेतीन मीटर भरतात, फ्रेमच्या खोक्याचे २ मीटर ६५. "जहाजाने स्वस्त पडेल" असं कुणीतरी येऊन सांगेलच. ऐकू नका. सायकलचं खोकं ०.२८ घनमीटर, पण अख्खा कंटेनर न भरणाऱ्या सुट्या मालाला किमान १ घनमीटरचं भाडं लावायची पद्धत आहे. वर बंदरातली हाताळणी, कागदपत्रं, गोदाम हे सगळं वेगळं. आणि कागद अडकले की गोदामाचं मीटर पळतच राहतं.

ओळखीचं कुणी तिकडून येणार असेल तर विमानात सामान म्हणून आणता येते. फक्त नेहमीच्या बॅगेची तिन्ही बाजूंची बेरीज १५८ सेंमीपर्यंत चालते आणि या खोक्याची २४५ होते. त्यामुळे त्या एअरलाइनचा खेळाच्या सामानाचा नियम वाचून आधीच बुकिंग करायला सांगा. विमानतळावर उतरल्यावर कस्टम्सकडे सायकलची घोषणा करायची ती करायचीच.

हिशेबनीस:

भेटवस्तू लिहू देऊ नका. पैसे मोजून घेतलेल्या मालावर भेट लिहिणं म्हणजे कस्टम्सला खोटं सांगणं, आणि सापडलं की निस्तरायचं तुम्हाला, त्या गृहस्थांना नव्हे. शिवाय किंमत कमी दाखवली की खोकं गहाळ झाल्यावर विमाही तेवढ्याचाच मिळतो. मला तर दुसरं कारण जास्त पटतं.

आता हिशेब. सायकलची किंमत १०० धरा, भाडं ३०, विमा २. बऱ्याच देशांत आयात शुल्क या तिन्हींच्या बेरजेवर लागतं, म्हणजे १३२ वर. (अमेरिकेसारखे काही देश परदेशातून येण्याचं भाडं वगळतात.) शुल्क समजा २० टक्के, ते झालं २६.४. एकूण १५८.४. त्या सगळ्यावर देशांतर्गत कर समजा १५ टक्के, तो २३.७६. एकूण १८२.१६. म्हणजे कुरिअरने तुमच्या वतीने कर भरला म्हणून घेतलेली फी आणि कार्डावरचा परकीय चलनाचा अधिभार धरायच्या आधीच सायकल पावणेदोनपटीच्या वर गेली. टक्के मी नुसते धरलेत. तुमच्या देशाच्या शुल्कपत्रकात बिनमोटरच्या सायकलीसाठी एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ८७१२ बघा, फ्रेम आणि सुट्या भागांसाठी ८७१४. हे आकडे जगभर तेच असतात, दर मात्र ज्याचा त्याचा.

इथे एक पळवाट लोकांना हमखास सुचते: सायकलचे भाग सुटे करून पाठवले की ती सुट्या भागांच्या दरात जाईल. नाही जात. वर्गीकरणाच्या सर्वसाधारण नियमांतला २(अ) नेमका यासाठीच आहे. न जोडलेली वस्तू ही जोडलेल्या वस्तूसारखीच मोजतात. चाकं, ब्रेक, गिअर काही नसलेली नुसती फ्रेम-फोर्क आली तर मात्र ती ८७१४.

दुसरं म्हणजे, विक्रेता ज्या देशात राहतो त्या देशाशी व्यापार करार आहे म्हणून शुल्क माफ होईल असं समजू नका. माल कुठे बनला ते बघतात. युरोपीय संघात चिनी सायकलींवर १९९३ पासून डम्पिंगविरोधी (अति स्वस्तात खपवलेल्या आयात मालावरचं जादा) शुल्क आहे आणि त्याचा दर ४८.५ टक्क्यांपर्यंत जातो. तीच सायकल तिसऱ्याच देशातल्या माणसाकडून घेतली तरी तिचा उगम बदलत नाही. फ्रेमवरचं "मेड इन" काय म्हणतंय ते विचारून घ्या.

आणि तुमच्या देशात वापरलेल्या मालाच्या आयातीला वेगळी परवानगी लागते का, हे पैसे पाठवायच्या आधी बघा, नंतर नव्हे.

रिकामं_कॅरिअर:

एवढ्या उपद्व्यापापेक्षा एखाद्या फ्रेम बिल्डरकडून मापाने बनवून का घेत नाही? दीडपट-दुप्पट मोजायचेच असतील तर आपल्या मापाचं तरी मिळेल.

पायडलवाली:

विचारलं होतं. वेळ फार लागतोय आणि नुसत्या फ्रेमचेच पैसे या अख्ख्या सायकलपेक्षा जास्त होतात. पण हिशेबनीस यांचं गणित बघून आता अख्खी सायकल जड वाटायला लागली आहे. फ्रेम-फोर्क घेतली तर बाकीचे भाग नवे घ्यावे लागतील, मग त्यात काय वाचलं?

चेनस्टे:

ताई, घरात किंवा नात्यागोत्यात जुनी, पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक पडून आहे का? २६ इंची चाकांच्या काळातली, रिम ब्रेकची. तिचा मागचा हब बहुतेक १३५ मिमीचाच निघेल. चाकं, ब्रेक, लिव्हर, गिअर, क्रँक सगळं तिच्यावरून उतरवता येईल. तुमचा सगळा हिशेब या एका उत्तरावर फिरेल. नसेल तर नवे भाग घेत बसू नका, अख्खी सायकलच स्वस्त पडेल.

काहीही घ्या, पैसे द्यायच्या आधी विक्रेत्याकडून व्हिडिओ मागा. फोटो नाही, व्हिडिओ. सर्वात महत्त्वाचं, सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, पूर्ण बाहेर काढून दाखवायला सांगा. स्टीलच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमची पोस्ट वर्षानुवर्षं न हलवता राहिली की आत गंजून चिकटते. विक्रेत्याच्या उंचीला ती बरोबर असेल, तुमच्या उंचीला खाली जाणारच नाही. मग ती कापून काढायची वेळ येते. त्याच भोकातून टॉर्च मारून आतला गंज बघायचा.

फोर्कची हँडलपर्यंत जाणारी वरची नळी किती उरली आहे तेही मोजून घ्या. एकदा कापलेली नळी वाढवता येत नाही. हँडल उंच हवं असेल तर तुमची सगळी मदार तिथल्या स्पेसरवर, म्हणजे नळीवर चढवलेल्या कड्यांवर. फ्रेमची खालची नळी आणि वरची नळी पुढे जिथे मिळतात, त्या सांध्याच्या मागे खालच्या बाजूने रंग सुरकुतला आहे का बघा. सुरकुती दिसली तर समोरून धडक बसलेली आहे. विषय तिथेच संपवा.

बीबीच्या (पायडलचा आस बसतो त्या नळीच्या) खाली अनुक्रमांक असतो. त्याच्याशेजारी आजची तारीख आणि तुमचं टोपणनाव लिहिलेला कागद धरून व्हिडिओ करायला सांगा. तो क्रमांक बाईक इंडेक्ससारख्या चोरीच्या सायकलींच्या नोंदवहीत टाकून बघा. खरा मालक हे दोन मिनिटांत करून देतो. जो कुरकुर करतो त्याला नमस्कार.

हमीचा विचार सोडून द्या. कंपन्यांची फ्रेमची हमी सहसा पहिल्या मालकापुरतीच असते.

हिशेबनीस:

पैशांचं राहिलं. ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवांतल्या "मित्र-नातेवाइकांना पाठवा" या प्रकारच्या व्यवहाराला खरेदीदाराचं संरक्षण नसतं. विक्रेता तोच आग्रह धरत असेल तर त्यावरची फी तुम्ही भरतो म्हणा, पण खरेदीचाच व्यवहार करा. क्रेडिट कार्ड वापरलंत तर वाद उभा करायची आणखी एक सोय राहते.

मोडतोडीबद्दल: माल विमानाने आला तर मॉन्ट्रिअल करारानुसार वाहतूकदाराची जबाबदारी वजनावर ठरते. २८ डिसेंबर २०२४ पासून ती दर किलोला २६ एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. भाडं लावताना आकारमान बघतात, पण ही मर्यादा खऱ्या किलोंवर चालते. ६ किलोच्या खोक्याला जास्तीत जास्त १५६ एसडीआर. म्हणून जास्तीची किंमत जाहीर करा किंवा वेगळा विमा घ्या, आणि अटींमध्ये "वापरलेला माल" व "अपुरं पॅकिंग" या शब्दांच्या आसपास काय लिहिलंय ते नीट वाचा. मोडतोडीची लेखी तक्रार १४ दिवसांत करायची असते, प्रवाशाच्या सामानात आली असेल तर ७ दिवसांत. खोकं फाटलेलं दिसलं तर सही करण्याआधी पावतीवर तसं लिहा आणि उघडतानाचं चित्रीकरण करा.

पायडलवाली:

चेनस्टे, भावाची माउंटन बाइक गच्चीवर पडून आहे! २६ इंची, व्ही-ब्रेक (रिम ब्रेकचाच प्रकार), मागे १३५. माझ्या मापाची कधीच नव्हती म्हणून मी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. भाऊ द्यायला तयार आहे.

विक्रेत्यांनी व्हिडिओही पाठवला. पोस्ट सहज बाहेर आली, रंग ठीक आहे, क्रमांक कुठल्याच यादीत नाही. नुसती फ्रेम-फोर्क द्यायला ते राजी आहेत, चाकं त्यांना दुसरीकडे खपवता येतील. फक्त पॅकिंग कसं करायचं आणि फ्रेमवर काय ठेवायला सांगू?

चेनस्टे:

बघा, झालं काम. फ्रेमवर सीटपोस्ट ठेवायला सांगा, तिचा व्यास भावाच्या सायकलशी जुळेलच असं नाही. पुढचा डीरेलरही (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) त्यांच्याकडूनच घ्या. स्टीलची नळी बारीक असते, अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलचा क्लँप तिच्यावर सैल पडेल. हेडसेटच्या (फोर्क फिरतो त्या बेअरिंगच्या) वाट्या फ्रेममध्येच राहू देत. पण हे जादाचे भाग बिलावर स्वतंत्र लिहा, हिशेबनीस ओरडायच्या आत.

भावाचे व्ही-ब्रेक त्याच्याच सरळ हँडलच्या लिव्हरना धरून वापरा. पुढे वाकडं ड्रॉप हँडल लावायची हुक्की आली तर साध्या रोड लिव्हर चालणार नाहीत, त्या केबल कमी खेचतात.

पॅकिंगला सायकलच्या दुकानातून नव्या सायकलींबरोबर येणारे प्लॅस्टिकचे आडवे तुकडे मागून आणायला सांगा. दुकानदार ते टाकूनच देतात. चाक जिथे अडकतं त्या टोकांमध्ये ते बसवायचे: एक फोर्कच्या टोकांमध्ये १०० मिमीचा, एक फ्रेमच्या मागच्या टोकांमध्ये १३५ चा. ते नसले की खोक्यावर वजन पडून टोकं आत दबतात. डीरेलर हँगर (मागचा डीरेलर ज्याला लागतो तो तुकडा) सुटा असेल तर काढून वेगळा गुंडाळायचा, आणि त्यांच्याकडे जादाचा असेल तर मागून घ्या. लाकडी पेटी नको, तिला आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया केल्याचा, शिक्का लागतो. आणि फ्रेम धुऊन कोरडी करूनच भरायला सांगा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसारखे देश वापरलेल्या सायकलीवरच्या मातीसाठीसुद्धा माल अडवतात.

खोकं आलं की मागची टोकं आधी मोजा, मगच चाक बसवायला घ्या.