मदत हवी आहे : इम्पोर्टेड गाडी एमएच-०९ ची केए-२३ झाली, जुन्या तपासण्यांच्या नोंदी कुठे गेल्या?

निपाणी_पासिंग
नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल, वापरलेली म्हणून ब्रिटनहून आयात झालेली. भारतातली पहिली नोंदणी २०११ ची, कोल्हापूरची. मुक्काम निपाणीला हलल्यामुळे एनओसी आणून चिकोडी आरटीओत पासिंग करून घेतलं, नवी आरसी हातात आहे.

नवा नंबर टाकला की पीयूसीची नोंदच सापडत नाही. जुन्या नंबरावरच्या पीयूसीची मुदत अजून शिल्लक आहे, ती नव्या नंबरावर आपोआप येते का? आणि ब्रिटनची एमओटी (तिथली गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का याची सक्तीची तपासणी), इथली फिटनेस, हे सगळं एकत्र कुठे मिळेल? उद्या विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक हेच मागणार.

चेसिस_बघा
आपोआप येत नाही. पीयूसीची नोंद गाडीच्या नंबराखाली राहते. नंबर बदलला की नव्या नंबराखालचं पान कोरं असतं. रस्त्यात अडवणारा माणूस नवाच नंबर टाकून बघणार, त्यामुळे मुदत शिल्लक असली तरी नवी पीयूसी काढा. कायद्यात यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, थोड्या पैशांसाठी वाद ओढवून घेऊ नका.

पण लगेच सेंटरवर जाऊ नका, आधी केए नंबराच्या एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर प्लेट) पाट्या बसवा. पीयूसीचा कॅमेरा पाटीचा फोटो घेतो आणि तो दाखल्यावर छापून येतो. जुनी पाटी, नवा नंबर असा दाखला निघाला तर त्याचा काही उपयोग नाही. ओटीपीसाठी मोबाइल जवळ असू द्या.

जाण्याआधी आरसीवरच्या तीन गोष्टी नीट वाचा: चेसिस नंबर, इंधन आणि उत्सर्जन मानक. इम्पोर्टेड गाडीत गडबड होते ती बहुतेक इथेच. चेसिस नंबर १७ अक्षरी असतो. तो हाताने चढवताना एखादं अक्षर गळतं, ८ चा बी होतो. विंडस्क्रीनखालची पट्टी आणि आरसी समोरासमोर धरून अक्षर अक्षर जुळवा. मानकाचा रकानाही महत्त्वाचा: भारत स्टेज ४ ला पीयूसीची मुदत १ वर्ष, त्याआधीच्या मानकाला ६ महिने. रकाना कोरा असेल तर आधी आरटीओत अर्ज देऊन नोंद दुरुस्त करून घ्या, पीयूसी त्यानंतर.

जुन्या नंबराचा शेवटचा दाखला आजच उतरवून घ्या. परिवहनच्या पीयूसी पानावर जुना नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकले की तो दिसतो. विमा कंपनीकडून पॉलिसीवर नवा नंबर चढवून घ्या. फास्टॅगचं लक्षात ठेवा, तोही जुन्याच नंबरावर असणार. बँकेला नवी आरसी पाठवा, नाहीतर कोगनोळी टोलला अडकाल.

गॅरेज_चिकोडी
मशीनवर चढवण्याआधी गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करा. थंड इंजिनात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काम करत नाही. स्टेज ४ पेट्रोलला आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) २०० पीपीएम ही मर्यादा. २५०० आरपीएमच्या आसपास लॅम्डा (हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ मध्ये यायला हवा. सीओ ठीक आणि लॅम्डा तेवढा वर जात असेल तर लगेच सेन्सर बदलू नका. आधी सायलेन्सरच्या जोडाचं गॅस्केट बघा, तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते.

निपाणी_पासिंग
फारच उपयोगी माहिती, आभारी आहे. आणि फिटनेस, एमओटीचं काय?

चेसिस_बघा
एमओटीच्या मागे लागू नका, ती बहुधा झालेलीच नसेल. ब्रिटनमध्ये पहिली एमओटी लागते तीन वर्षांनी, आणि आपल्याकडे वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही.

तुमच्या गाडीची खरी तपासणी झाली असेल ती आयातीच्या वेळी. वापरलेल्या गाडीला बंदरात उतरल्यावर एआरएआय पुणे किंवा व्हीआरडीई अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) यांसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. ते आणि कस्टम्सची बिल ऑफ एंट्री (आयातीचा नोंद-कागद) हे दोन कागद जपा. फाइलमध्ये नसतील तर आधीच्या मालकाकडे मागा, पहिल्या नोंदणीला हीच कागदपत्रं जोडलेली असतात.

फिटनेस ठरावीक मुदतीने पुन्हा पुन्हा लागते ती टॅक्सी-टेम्पोला: गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, आणि राज्य बदललं म्हणून ती नव्याने सुरू होत नाही. म्हणजे मधल्या काळात फिटनेसचा दाखलाच नसतो, तो हरवल्याची काळजी सोडा. गिऱ्हाइकाला दाखवायला फॉर्म २८ च्या एनओसीची प्रत ठेवा. त्यावर जुना नंबर आणि चेसिस दोन्ही असतात, त्यामुळे ती नव्या आरसीला जोडली की साखळी पूर्ण होते. किलोमीटरचा पुरावा पीयूसीत मिळणार नाही, त्याला सर्व्हिसची बिलं लागतील.

२०११ ची गाडी म्हणजे २०२६ मध्ये नूतनीकरण. फॉर्म २५, मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत. मोटार वाहन निरीक्षक गाडी स्वतः बघतो, पास झाली की पुढची ५ वर्षं मिळतात. साध्या कारला फी ५,००० रुपये, इम्पोर्टेडला ४०,००० रुपये, आणि उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये जादा. हरित कर वेगळा. पैशांची तयारी आत्तापासून ठेवा.