फुटबॉल मॅनेजर २०२४ (फुटबॉल संघ चालवायचा कॉम्प्युटर गेम): स्टॅमिना चांगला, तरी साठाव्या मिनिटानंतर टीम का बसते?

डावा_विंगर:
मांडणी ४-२-३-१, गेगनप्रेस (बॉल गेला की लगेच धावून जाऊन तो परत हिसकावायचा). ट्रिगर प्रेस, म्हणजे बॉलवाल्यावर किती वेळा धावून जायचं, सगळ्यात वर, टेम्पोही वरचा, डिफेन्सिव्ह लाइन (बचावाची रांग) उंच, म्हणजे आपल्या गोलपासून लांब. मधल्या दोघांचा स्टॅमिना २० पैकी १४ आणि १५. आठवड्याला एकच मॅच असली की नव्वद मिनिटं दम टिकतो. शनिवार-मंगळवार-शनिवार लागलं की तिसऱ्या मॅचला साधे पास चुकतात, माणूस सुटतो आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत गोल खातो. किक-ऑफला खेळाडूची कंडिशन दाखवणारं हृदयाचं चिन्ह तर हिरवंच असतं. कुठे कमी पडतंय?

सहावा_नंबर:
कंडिशन आणि थकवा हे दोन वेगळे हिशोब आहेत. हृदयावर दिसते ती आजची कंडिशन, ती थोड्या दिवसांत भरून येते. थकवा मॅच आणि ट्रेनिंगमधून साठत जातो आणि खरी सुट्टी दिल्याशिवाय उतरत नाही. मेडिकल सेंटरमध्ये प्रत्येकाची इंजरी रिस्क उघडून बघ. हिरव्या हृदयाचा खेळाडूही तिथे थकलेला सापडेल.

दुसरं, नुसता स्टॅमिना बघून भागत नाही. मॅचमध्ये दम किती पुरेल हे स्टॅमिना ठरवतो. दोन मॅचच्या मध्ये तो किती लवकर भरून येईल हे नॅचरल फिटनेस. वर्क रेट म्हणजे गडी किती पळणार. वर्क रेट १७ आणि स्टॅमिना ११ असलेला बॉक्स-टू-बॉक्स मिडफिल्डर (बचाव आणि हल्ला दोन्हींसाठी मैदानभर पळणारा) तुझ्या टॅक्टिकमध्ये सगळ्यांच्या आधी संपेल, कारण तो थांबतच नाही. तू नॅचरल फिटनेस लिहिलेलाच नाहीस, आणि माझ्या मते गोची तिथेच आहे.

कोपऱ्यावरून:
ट्रेनिंगचं शेड्यूलही तपास. दोन मॅचच्या आठवड्यात मॅचच्या दुसऱ्या दिवशी रिकव्हरी, आदल्या दिवशी मॅच प्रिव्ह्यू (मॅचच्या तयारीचं सेशन), मध्ये फार तर एखादं सेट पीसचं (कॉर्नर, फ्री किकचं) सेशन. फिजिकलची सेशन्स काढून टाक. मग ट्रेनिंगमधल्या रेस्ट टॅबवर जाऊन कंडिशन उतरलेल्यांसाठी इंटेन्सिटी निम्मी कर, कंडिशन अगदी खालच्या पातळीला गेलेल्यांना मैदान आणि जिम दोन्ही बंद. इंडिव्हिज्युअल ट्रेनिंगमधला अ‍ॅडिशनल फोकस आणि नवी पोझिशन शिकवणं यानेही वर्कलोड चढतो, हे बरेच जण विसरतात.

फक्त विश्रांती देताना मॅच शार्पनेसवर (मॅच खेळून राहणाऱ्या धारेवर) लक्ष ठेव. बसवून ठेवलेल्या खेळाडूचा तो घसरतो आणि मग ताजा असूनही त्याचा खेळ लागत नाही. त्याला अधूनमधून अर्धा तास बेंचवरून उतरव, नाहीतर राखीव संघाकडून खेळव.

सहावा_नंबर:
मॅचच्या आतलं राहिलं. दुसरी टॅक्टिक आधीच सेव्ह करून ठेव: मिड ब्लॉक (समोरच्याला मैदानाच्या मध्यावर अडवणं), प्रेस स्टँडर्ड, टेम्पो एक घर खाली. आघाडी मिळाली की साठाव्या मिनिटाची वाट न बघता तिच्यावर ये. पण प्रेस उतरवताना लाइनही खाली घे. प्रेस सैल आणि लाइन उंच राहिली तर समोरच्या पासरला मान वर करायला वेळ मिळतो, बॉल पाठीमागे पडतो आणि दमलेले सेंटर-बॅक वळेपर्यंत स्ट्रायकर निघून गेलेला असतो. तुझे शेवटचे गोल बघ, बहुतेक असेच असतील.

प्रीमियर लीगमध्ये पाच बदल मिळतात, पण खेळ थांबवून करायच्या संधी तीनच. हाफटाइमचा बदल त्या तिनात धरत नाहीत, त्यामुळे सगळ्यात दमलेला गडी तिथेच काढ.

डावा_विंगर:
बघितलं. नॅचरल फिटनेस एकाचा १३, दुसऱ्याचा ८. गोलही तसेच पाठीमागून बसलेत.

सहावा_नंबर:
मग ८वाल्याला मंगळवारी सुरुवातीपासून घेऊच नकोस. शनिवारी पूर्ण, मंगळवारी बेंच, पुढच्या शनिवारी पुन्हा पूर्ण. मंगळवारी त्याच्या जागी उतरणाऱ्याला बॉक्स-टू-बॉक्स न देता होल्डिंगचा (जागा धरून बचावापुढे थांबण्याचा) रोल दे, म्हणजे त्यालाही पळापळ कमी पडेल.