सेकंड लाइफमध्ये मी पुरुष आहे, मराठीत बोलायची पंचाईत झालीय

मधुमालती: सेकंड लाइफ या इंटरनेटवरच्या आभासी जगातलं माझं खातं २००८चं. अवतार, म्हणजे तिथलं माझं रूप, पुरुषाचा, उंच, करड्या दाढीचा. आडनाव तेव्हा कंपनीच्या यादीतूनच घ्यावं लागायचं, माझं तेच आडनाव अजून चालू आहे. इंग्रजी चॅटमध्ये कधी अडलं नाही. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता आमच्या शिडाच्या होड्यांच्या गटात नाशिकचा एक मुलगा आलाय. आल्या आल्या मराठीत, “दादा, तुम्ही कुठले?” मी “सांगली” एवढंच टंकलं. तेव्हापासून “जेवण झालं”, “काम चालू”, “नंतर भेटू” असं, बाई की पुरुष ते कळेल अशी क्रियापदं टाळत बोलतेय. त्याला आता व्हॉइसवर यायचंय. नवीन खातं काढू का?

दर्यावर्दी: अजिबात नको. केस, कपडे, होड्या, यातलं बरंचसं ‘नो ट्रान्सफर’ असतं, म्हणजे दुसऱ्या खात्याला देता येत नाही, जुन्या खात्यातच अडकून पडेल. शिवाय प्रोफाइलवर खात्याची जन्मतारीख आजची दिसणार. सतरा-अठरा वर्षांची ज्येष्ठता अशी कोण घालवतं? शेप, म्हणजे अवताराची ठेवण, एडिट करा, स्त्री-पुरुष तिथेच बदलता येतं. नाव, मित्र, गट सगळं जागच्या जागी. मेश बॉडी, म्हणजे मूळ शरीरावर चढवायचं विकतचं शरीर, घातली असेल तर मात्र बायकांची वेगळी विकत घ्यावी लागेल. नावही २०२० पासून बदलता येतं, पैसे भरून.

उंटावरचा: उंचीला हात लावू नका ताई. स्टॅनफर्डमध्ये निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ साली प्रयोग छापला होता. पैसे वाटून घेण्याच्या खेळात उंच अवतार मिळालेले लोक स्वतःकडे ओढून घेत, बुटके अवतार मिळालेले अन्यायाची वाटणीही निमूट मान्य करत. अवतार कुणाला कुठला, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं. आणि एक शंका, तो नाशिकचा मुलगा मुलगाच आहे कशावरून?

मधुमालती: “आलो” म्हणतो म्हणून! (बघा, मीच फसले असेन.) उंचीचं पटलं. मी प्रत्यक्षात चार फूट दहा. शर्यतीत कोणी आडवी होडी घातली तर तिथे सरळ “बाजूला हो” म्हणते. घराच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हेच बोलायला मला चहा होईपर्यंत धीर होत नाही. दाढी गेली तर ते टिकेल का, हीच खरी धाकधूक आहे.

दर्यावर्दी: तिथे बायकाही सर्रास सहा फुटांच्या वर असतात. उंची ठेवा, दाढी काढा. किंवा दाढीही ठेवा आणि व्हॉइसवर या, तुमची मर्जी. त्या मुलाला सावरायला फार तर दोन मिनिटं लागतील.

मधुमालती: व्हॉइस रविवारी. आज रात्री चॅटमध्ये नुसतं “जेवले” लिहून बघते. दाढीसकट.