जेवताना कुत्रं ताटाकडे टक लावून का बसतं? भूक, सवय की आणखी काही?

पानगळ (धागाकर्ती)

आपण जेवायला बसलो की कुत्रं हळूच येऊन पायाशी बसतं. घास उचलला की नजर घासाबरोबर वर जाते, हात खाली आला की नजरही खाली. मधूनच एक बारीकसं कुंई. त्याचं स्वतःचं भांडं नुकतंच चाटूनपुसून झालेलं असतं, तरीही घरातलं कुणीतरी म्हणतंच, "बिचाऱ्याला भूक लागलीय," आणि एक तुकडा खाली जातो.

माझं मत स्पष्ट आहे. ही भूक नाही, आपण लावलेली सवय आहे. ती इतकी चिवट होते, कारण आपण रोज देत नाही, मनात आलं की देतो. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. दर वेळी दाणा मिळणारा प्राणी, दाणा बंद झाला की लवकर नाद सोडतो. ज्याला कधी मिळतो, कधी नाही, तो मात्र बंद झाल्यावरही कितीतरी वेळ प्रयत्न करत राहतो. दहा वेळा "नाही" म्हणून अकराव्या वेळी विरघळणारं घर कुत्र्याला शिकवतं की चिकाटी सोडू नकोस. म्हणून ताटातला घास कधीच देऊ नये. तुम्हाला काय वाटतं?

रानवाट

अर्धं पटलं. मागायचं कसं, हे कुत्रं आपल्याकडून शिकतं. पण आपल्या खाण्याची ओढ त्याला कुणी लावलेली नाही, ती उपजत आहे.

कुत्रा माणसाजवळ आला त्याला किमान १५,००० वर्षं झाली. जर्मनीत बॉन-ओबरकासेल इथे एका स्त्री-पुरुषासोबत पुरलेलं कुत्र्याचं पिल्लू सापडलं, ते साधारण १४,००० वर्षांपूर्वीचं. तो नेमका कसा माणसाळला यावर अभ्यासकांत वाद आहे. जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांचं म्हणणं असं की वस्तीच्या उकिरड्यावर जे लांडगे कमी बुजत, त्यांचं पोट भरत गेलं आणि त्यांचीच वीण वाढली. दुसरा एक विचार असा की हिमयुगात शिकाऱ्यांकडे चरबी नसलेलं मांस उरायचं. माणसाला ते एका मर्यादेपलीकडे पचत नाही, लांडग्याला पचतं. दोन्हींत एक गोष्ट समान आहे: कुत्रा कुत्रा झाला तो माणसाच्या उरल्यासुरल्यावर.

याची खूण त्याच्या जनुकांतही आहे. २०१३ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या संशोधनानुसार पिष्टमय अन्न पचवणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) जनुक, एएमवाय२बी, लांडग्यात साधारण दोन प्रतींत असतं, कुत्र्यात ४ ते ३०. आपलं अन्न पचावं म्हणून ज्याचं शरीर बदललं, त्याने आपल्या ताटाकडे बघितलं तर त्याला वाईट सवय म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

पानगळ

ओढ उपजत आहे, मान्य. पण मग टेबलाभोवती चार माणसं असताना कुत्रं नेमकं एकाच्याच खुर्चीपाशी का बसतं? जो देतो त्याच्याच. बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नाही. ताटात सगळ्यांच्या तेच असतं, वासही तोच. उपजत ओढ असती तर चारही ताटांकडे सारखीच असायला हवी. कोण विरघळतं, कधी विरघळतं, हे त्याने पाठ केलेलं असतं. ते शिक्षणच आहे.

निळीछत्री

खुर्चीचा मुद्दा बिनतोड आहे. आमच्याकडेही हुबेहूब असंच.

तरी "नाटकं करतो", "भोळा चेहरा करून फसवतो" असं लोक सर्रास म्हणतात, ते मला खटकतं. २०१९ सालच्या एका अभ्यासात दिसलं की कुत्र्यांच्या भुवईचा आतला कोपरा वर उचलणारा स्नायू लांडग्यांत जवळपास नसतोच. त्या स्नायूमुळे डोळे मोठे आणि केविलवाणे दिसतात. पण त्याच अभ्यासातल्या संशोधिका, जुलियान कामिन्स्की, यांनी २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट तपासली होती. माणूस समोर बघत असला की कुत्र्याच्या चेहऱ्यावरचे भाव वाढतात, पाठ फिरवली की कमी होतात. आणि माणसाच्या हातात खाऊ असला म्हणून भावांत काही वाढ होत नाही! म्हणजे तो चेहरा तुकडा काढण्यासाठी रचलेला नाही. आपण लक्ष देतोय म्हणून तो आपल्याशी बोलतोय. ऐकून "नाही" म्हणायचा हक्क आपल्याला आहे, पण त्याला लबाड ठरवू नका.

रानवाट

याला जोडून एक. बुडापेस्टचे संशोधक आदाम मिक्लोशी यांच्या गटाने २००३ मध्ये कुत्रे आणि माणसांनी हाताने वाढवलेले लांडगे यांना मांस मिळवायचं एकच काम शिकवलं, आणि मग ते मांस निघणारच नाही अशी सोय केली. लांडगे झटत राहिले. कुत्र्यांनी थोडा प्रयत्न केला आणि वळून माणसाकडे बघितलं. अडलं की माणसाकडे बघायचं हा कुत्र्याचा स्वभाव. ताटाशी बसणं मला त्याचंच एक रूप वाटतं.

पांढरा_कोट

मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. "भूक नाही, सवय आहे" हे वाक्य बहुतेक कुत्र्यांना लागू पडतं, पण सरसकट नाही, आणि यात धोका आहे.

एरवी न मागणारं कुत्रं अचानक अधाशी झालं, मागू लागलं, कचऱ्यात तोंड घालू लागलं, तर आधी तपासणी करा. मधुमेह, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार), स्वादुपिंडाची पाचकरसं कमी पडणं, जंत या सगळ्यांत भूक वाढते. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि फिटसाठी दिलं जाणारं फिनोबार्बिटल यांनीही वाढते. खातंय भरपूर आणि वाळतंय, असं दिसलं तर एक दिवसही थांबू नका.

दुसरं, लॅब्रेडॉर. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना दिसलं की जवळपास चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडाच गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. २०२४ मध्ये त्याच गटाने दाखवलं की अशी कुत्री विश्रांतीत असताना ऊर्जाही सुमारे २५ टक्के कमी खर्च करतात. दोन जेवणांच्या मधे त्यांना खरोखर भूक लागते. त्यांना हावरट म्हणून हिणवू नका. पण भूक खरी आहे म्हणून जास्त खायला वाढत जाऊही नका, कारण ती भूक वाढून शमणारी नाही.

आणि काय द्यायचं नाही ते: कांदा-लसूण कच्चं असो वा शिजवलेलं, त्याने तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं-मनुकांनी मूत्रपिंडं जातात. चॉकलेट, आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) घातलेलं बिनसाखरेचं काहीही तर अजिबात नको. शिजवलेली हाडं तडकून त्यांचे अणकुचीदार तुकडे होतात. तेलातुपाचं एकदम पोटात गेलं तर स्वादुपिंडाला सूज येते, आणि ती जीवघेणी ठरू शकते. हे सगळं "एकच तुकडा" म्हणून दिलेलं असतं.

ओसरी

सगळं वाचलं, तरी धागाकर्तीशी असहमत. घासातला घास देणं ही माया आहे. आपण चवीचवीचं खायचं आणि ज्याने दिवसभर दाराकडे डोळे लावून आपली वाट बघितली त्याला जन्मभर तेच कोरडे दाणे? म्हाताऱ्या कुत्र्याला तर मी मुळीच नाही म्हणणार नाही. त्याचे राहिलेत किती दिवस?

पांढरा_कोट

ओसरी, माया कळते. पण दिवस किती राहिलेत, हे बऱ्याच अंशी वजनावर ठरतं. ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या करून त्यांना आयुष्यभर तपासलं गेलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं. २००२ मध्ये निष्कर्ष आला: कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (म्हणजे ज्या वयापर्यंत निम्मी कुत्री जगली ते) १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. सांधेदुखीही कमी खाणाऱ्यांना उशिरा सुरू झाली. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षं फार मोठी असतात हो.

ओसरी

हे आकडे विचार करायला लावणारे आहेत. पण त्यातून "कमी द्या" निघतं, "आपल्यातलं देऊच नका" निघत नाही. उकडलेलं गाजर किंवा बिनमिठाचं, बिनमसाल्याचं मांस दिलं तर काय बिघडलं?

रानवाट

काही बिघडत नाही. फक्त आपलं जेवण पूर्ण आटोपल्यावर, टेबलापासून लांब, त्याच्याच भांड्यात घाला, आणि तेवढं त्याच्या रोजच्या खाण्यातून कमी करा. वरचं खाणं दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्यात बसवावं असं पशुवैद्य सांगतात. लहान कुत्र्यासाठी हे फारच थोडं असतं, चीजच्या एका चकतीतच संपून जातं.

पानगळ

भांड्यात देण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो ताटावरून देण्याला.

आणि ज्यांना ही सवय मोडायची आहे त्यांनी एक लक्षात ठेवा. देणं बंद केलं की मागणं आधी वाढतं. जो नुसता बसायचा तो पंजा मारतो, भुंकतो, मांडीवर हनुवटी ठेवतो. घरं इथेच हरतात, कारण वाटतं, हे तर बिघडतच चाललंय. त्या टप्प्यावर एक घास दिलात तर भुंकल्यावर मिळतं हा धडा पक्का होतो. सगळ्या घराने एकत्र धरून ठेवायला हवं, एकटीदुकटीने होत नाही.

निळीछत्री

घरचे ऐकतात, पाहुणे आणि लहान मुलं ऐकत नाहीत. त्यांचं काय करायचं?

पांढरा_कोट

पाहुण्यांना समजावत बसू नका, कुत्र्याला काम द्या. आपण बसायच्या आधी त्याला त्याच्या गादीवर पाठवा आणि तिथेच चघळायला किंवा चाटायला काहीतरी द्या, त्याच्याच खाण्यातलं भरलेलं खेळणं चालेल. जेवणाच्या वेळी चांगलं काही मिळतं ते गादीवर, हे त्याला कळलं की तो आपणहून तिकडे जाऊन बसतो. मुलं अगदी लहान असतील तर जेवण होईपर्यंत मधे जाळीचं दार लावा. सांडलेलं कुणी वेचायच्या आत त्याच्या पोटात गेलेलं असतं, आणि त्यात मनुका होत्या का हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.